साताऱ्याच्या डोंगरात तंबू ठोकताना : वीज, वारा आणि पाऊस यांपासून बचाव

धोम धरणाचा काठ, कास-बामणोलीचा रस्ता, तापोळ्याचा परिसर आणि पाचगणी-महाबळेश्वरच्या खालचे उतार या भागांत तंबूत मुक्काम करण्यासाठी येणाऱ्यांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. त्यांतील अनेक जण आयुष्यात पहिल्यांदाच कापडी छपराखाली रात्र काढत असतात. अशा नवख्या मंडळींची एक पक्की समजूत असते की वाईट हवामान म्हणजे आषाढ-श्रावणातला पाऊस, आणि तो टाळला की काळजीचे कारण उरत नाही. प्रत्यक्षात मुसळधार पावसात तंबू घेऊन फारसे कोणी निघतच नाही. माणसे फसतात ती दोन वेगळ्या काळांत. पहिला काळ एप्रिलपासून मृग लागेपर्यंतचा, म्हणजे वळवाचा, आणि दुसरा सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा, म्हणजे परतीच्या पावसाचा. या दुसऱ्या काळात हस्त नक्षत्र असते, ज्याला आपल्याकडे हत्तीचा पाऊस म्हणतात. कासच्या फुलांचा हंगाम त्याच सुमारास संपत आलेला असतो, शनिवार-रविवारला जोडून गांधी जयंतीची सुट्टी येते, सकाळी आकाश निळेभोर असते आणि दुपारी चारच्या पुढे कडकडाट सुरू होतो.

पुढील मार्गदर्शन वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी. तंबू दव अडवतो, रिमझिम थोपवतो, थोडीफार ऊब देतो. पण वीज, सोसाट्याचा वारा आणि चढते पाणी यांच्यापुढे तो केवळ कापड आहे. त्यामुळे तंबू कसा ठोकावा याच्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक विचार तो सोडून कुठे जायचे आणि केव्हा जायचे याचा करावा लागतो, आणि हा विचार उजेड असतानाच करावा लागतो.

आधी आपण कुठे चाललो आहोत हे समजून घ्यावे

सातारा जिल्ह्याला एकच हवामान नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साधारण ५५०० ते ६००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. मधले अंतर गाडीने काही तासांचे आहे. म्हणून साताऱ्यात ऊन असल्याचे तेथील नातेवाइकांनी फोनवर सांगितले, तरी बामणोलीत किंवा कोयनेच्या खोऱ्यात काय चालले आहे हे त्यावरून कळत नाही. उंचीचाही फरक पडतो. दर हजार मीटर चढाला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. सातारा शहरापेक्षा महाबळेश्वर सुमारे ६०० मीटर उंच असल्याने केवळ उंचीमुळेच तेथे चार अंशांची घट धरून चालावे, आणि वारा व ओले कपडे यांचा हिशेब त्यात वेगळा मिळवावा.

पश्चिमेकडील पाऊस काय करू शकतो याचे उदाहरण फार जुने नाही. २२ आणि २३ जुलै २०२१ या दोन दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्याच पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे दगावली. ही पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदणारी गावे होती. त्यामुळे जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत घाटमाथ्यावर तीव्र उताराच्या पायथ्याशी तंबू ठोकण्याचा विचारच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना पावसाळ्यातच जायचे असेल त्यांनी पक्क्या घरात राहावे आणि पाऊस खिडकीतून पाहावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

अंदाज पाहणे, आणि तो वाचणे

निघण्याच्या तीन दिवस आधीपासून भारतीय हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा रोज पाहावा. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे त्याचे चार रंग असतात. पिवळा रंग दिसला तर लक्ष ठेवावे, नारिंगी दिसला तर तंबूचा बेत रद्द करून पक्क्या मुक्कामाची सोय पाहावी आणि लाल दिसला तर घरीच थांबावे, हा नवख्यांसाठी सोपा नियम आहे. साताऱ्यासाठी इशारा पाहताना ‘घाट परिसर’ हे शब्द शोधावेत, कारण घाटमाथ्याचा इशारा अनेकदा उरलेल्या जिल्ह्यापेक्षा वेगळा दिलेला असतो आणि आपण जाणार असतो नेमके तिथेच. विभागाच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जोरदार, ११५.६ च्या पुढे अति जोरदार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस समजला जातो. हे आकडे कोरडे वाटतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढे लक्षात ठेवले की त्यांना अर्थ येतो. शंभर मिलिमीटर पाऊस एका हेक्टर उतारावर पडला, तर दहा लाख लिटर पाणी तयार होते, आणि त्यातले बरेचसे तुमच्या तंबूशेजारच्या ओढ्याकडे धावत येते.

वळीव आणि परतीचा पाऊस यांच्या बाबतीत मात्र तीन दिवस आधीचा अंदाज फक्त शक्यता सांगतो. ढग नेमका कोणत्या खोऱ्यावर फुटेल हे जेमतेम दोन-तीन तास आधी कळते. त्यासाठी विभागाचा तीन तासांपुरता तात्कालिक इशारा असतो, आणि विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप आहे, जे आपल्या आसपासच्या वीज पडण्याच्या घटना आणि शक्यता दाखवते. दोन्ही मोबाइलवर घेऊन ठेवावीत. अडचण अशी की कोयनेच्या खोऱ्यात आणि धरणांच्या आतल्या बाजूच्या बऱ्याच ठिकाणी रेंजच नसते. म्हणून रेंज जाण्यापूर्वी, म्हणजे शेवटच्या मोठ्या गावात चहाला थांबल्यावर, इशारा एकदा पुन्हा पाहावा आणि घरच्या एका माणसाला तीन गोष्टी कळवाव्यात: आपण कुठे मुक्काम करणार, गाडीचा क्रमांक काय, आणि उद्या किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्याने काळजी करायला लागावे. पोलीस, अग्निशमन आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावेत, कारण भिजलेला फोन सर्वांत आधी दगा देतो.

जागा निवडणे

मुक्कामाच्या जागी सूर्य मावळण्यापूर्वी निदान दोन तास पोहोचावे. आपल्याकडे याचा हमखास विचका होतो. शुक्रवारी कामावरून सुटून निघायचे, खंबाटकी घाटात वाहतुकीत अडकायचे, रात्री साडेनऊला टॉर्चच्या उजेडात पहिल्या सपाट तुकड्यावर तंबू ठोकायचा, आणि तो तुकडा सपाट का आहे हे पहाटे पाणी आत आल्यावर कळायचे. तो ओढ्याचा पसारा असतो, म्हणून सपाट असतो.

जागेवर पोहोचल्यावर सामान उतरवण्यापूर्वी एक फेरी मारावी. झुडपांच्या फांद्यांना कोठे काडीकचरा, वाळलेले गवत किंवा प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या आहेत का ते पाहावे. त्या ज्या उंचीवर अडकल्या आहेत तेथपर्यंत कधीतरी पाणी आलेले आहे. धरणाच्या काठी खडकांवर फिकट रंगाचा पट्टा दिसतो, तो भरलेल्या पाण्याच्या पातळीचा असतो. तंबू त्या रेषेच्या बराच वर हवा. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा गाळ वरून वाळलेला आणि भेगाळलेला दिसतो, पण खालून तो मऊच असतो. वळवाची एक सर आली की त्यात गाडीची चाके अशी रुततात की मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

मोठ्या एकट्या झाडाखाली तंबू ठोकू नये. वीज हे एक कारण. वाळक्या फांद्या हे दुसरे. विद्युत तारांखाली, जुन्या पडक्या भिंतीला लागून किंवा सुटे दगड दिसणाऱ्या उताराखाली थांबू नये. उताराला ताज्या भेगा पडलेल्या, झाडे तिरकी झालेली, किंवा एरवी कोरड्या जागेतून अचानक गढूळ पाणी झिरपू लागलेले दिसले, तर ती दरडीची पूर्वसूचना समजून ताबडतोब दूर जावे.

याउलट अगदी उघडा माथाही नको. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. तेथे वारा किती आणि कसा वाहतो हे सांगायला आणखी कोणी लागत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे खाली दरीत सुखद वाटणारी झुळूक माथ्यावर तंबूचे पोल वाकवू शकते. मध्यम उंचीची, किंचित उताराची, आजूबाजूला सारख्या उंचीची झुडपे असलेली आणि गाडीपासून शंभर-दीडशे पावलांच्या आत असलेली जागा नवख्यांसाठी उत्तम. कास पठारावर किंवा वासोट्यासारख्या व्याघ्र प्रकल्पातील ठिकाणी तंबू ठोकण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ती संरक्षित ठिकाणे आहेत. खासगी जमिनीवरील मुक्काम असेल तर मालकाला एकच प्रश्न विचारावा: रात्री वादळ आले तर आम्हाला कोणत्या पक्क्या घरात घ्याल? याचे उत्तर ज्याच्याकडे तयार नाही त्याच्याकडे थांबू नये.

तंबू ठोकणे

नवा तंबू पहिल्यांदा घराच्या गच्चीवर किंवा अंगणात उभा करून पाहावा आणि त्यावर पाण्याची नळी धरावी. शिवणीतून पाणी गळत असेल तर ते घरी कळलेले बरे. पावसाचे वरचे आच्छादन आतल्या कापडाला चिकटता कामा नये. दोहोंत हवा खेळली नाही की आपल्याच श्वासाची वाफ थंड कापडावर जमून टपकते, आणि माणसे विनाकारण तंबूला दोष देतात.

सपाट माथ्यांवर, म्हणजे ज्याला इकडे सडा म्हणतात त्या जांभ्याच्या कातळावर, मातीचा थर वीतभरही नसतो आणि त्यात खुंटी जात नाही. तेथे दोरीचे टोक एका लांबट दगडाला गुंडाळावे, तो आडवा ठेवावा आणि त्यावर दुसरा जड दगड दाबून बसवावा. मातीत खुंटी ठोकताना तिचे डोके तंबूच्या बाहेरच्या बाजूला झुकलेले ठेवावे, म्हणजे दोरी ताणली की ती अधिक घट्ट बसते. तंबूसोबत येणाऱ्या त्या बारीक तारेच्या खुंट्या पिशवीतच राहू द्याव्यात. त्यांच्यावर माझा विश्वास नाही. लोहाराकडून वीतभर लांबीच्या जाड सळईच्या आठ-दहा खुंट्या करून घेतल्या तर त्या अनेक वर्षे पुरतात. ताणदोऱ्या हवा शांत असली तरी सगळ्या बांधाव्यात, कारण वारा सुटल्यावर अंधारात त्या शोधून बांधणे होत नाही. तंबूची निमुळती, कमी उंचीची बाजू वाऱ्याकडे आणि दार वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवावे.

खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा जराशी लहान हवी. ती बाहेर आली की तिच्यावर पडलेले पाणी सरळ तंबूच्या पोटाखाली जमा होते. तंबूभोवती चर खणण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी; त्याने माती सैल होते, आणि जागा नीट निवडली असेल तर चराची गरज पडत नाही.

झोपण्यापूर्वी प्रत्येकाने आपले बूट, टॉर्च आणि रेनकोट हाताशी ठेवावेत. गाडी निघण्याच्या दिशेने तोंड करून लावावी आणि किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना माहीत असावे.

वीज

या विषयावर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण या भागात तंबूत राहणाऱ्या माणसाला सर्वांत मोठा धोका तिचाच आहे आणि तिच्याविषयीच गैरसमज सर्वाधिक आहेत.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही तीन कुटुंबे धोमच्या काठी उतरलो होतो. दुपारी साडेतीनपर्यंत पान हलत नव्हते आणि अंगाची लाही होत होती. चार वाजण्याच्या सुमारास आकाशात फुलकोबीसारखे ढग वर चढू लागले, त्यांचे तळ काळपट झाले आणि माथे ऐरणीसारखे सपाट पसरले. आम्ही तंबूच्या दोऱ्या आवळण्यात दंग होतो. शेजारच्या रानात म्हशी सोडलेले एक गृहस्थ काठी टेकत आले आणि म्हणाले, “पाव्हणं, आभाळ बगा की. तंबू ऱ्हाऊ द्या, पोरं आधी गाडीत घाला.” मी म्हणालो, “मामा, एवढ्या दोन दोऱ्या बांधतो आणि जातो.” ते काही बोलले नाहीत, स्वतःच्या म्हशी मात्र त्यांनी वस्तीकडे वळवल्या होत्या, हे माझ्या लक्षात आले आणि मी दोरी हातातून सोडली. आम्ही गाड्यांत शिरून दारे लावेपर्यंत धुळीचा लोट आला, त्यापाठोपाठ गार वारा, आणि मग बोराएवढ्या गारा. आमचा एक तंबू पाण्यावर जाऊन तरंगू लागला. पाण्यापलीकडच्या टेकडीवर एकापाठोपाठ तीन विजा पडलेल्या आम्ही काचेतून पाहिल्या. पाऊण तासाने पुन्हा ऊन पडले.

त्या गृहस्थांनी आकाशात जे पाहिले ते कोणालाही पाहता येते. उकाडा असह्य होणे, ढग उभे वाढणे, त्याचा तळ काळा पडणे, आणि मग एकाएकी गार वाऱ्याचा झोत येणे, हा क्रम ठरलेला आहे. गार झोत आला की हातात मिनिटेच उरलेली असतात. विजेचे अंतर मोजण्याची रीत सोपी आहे. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि तीनने भागावे. तितके किलोमीटर अंतर. तीस सेकंद भरण्याच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्यावरही पडू शकते, म्हणून लगेच आसरा गाठावा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास पूर्ण होईपर्यंत बाहेर पडू नये. पाऊस थांबला म्हणजे वीज थांबली असे नसते. अनेक अपघात हे ‘आता उघडले’ म्हणून बाहेर पडल्यावर झालेले असतात.

आसरा म्हणजे दोनच गोष्टी: वायरिंग केलेले पक्के घर, किंवा पत्र्याचे छप्पर असलेली, काचा वर घेतलेली चारचाकी. गाडी वाचवते ती तिच्या रबरी चाकांमुळे नव्हे. वीज पडलीच तर ती गाडीच्या धातूच्या सांगाड्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. म्हणून आत बसल्यावर दाराच्या धातूला, स्टेअरिंगला किंवा चार्जरला लावलेल्या फोनला हात लावू नये. दुचाकी, उघडी जीप, चहूबाजूंनी मोकळे मंदिराचे शेड, गुराख्याची खोपटी, गडाच्या कड्यातली उथळ कपार, यांपैकी एकही आसरा नाही. तंबू तर नाहीच. चार्जरला न जोडलेला मोबाइल वीज ओढून घेतो ही निव्वळ अफवा आहे. उलट मदत बोलावण्यासाठी तो चालू हवा. छत्री मात्र मिटावी आणि तारेच्या कुंपणापासून दूर राहावे.

झाडाखाली उभे राहणे का वाईट, हेही समजून घ्यावे. झाडावर पडलेली वीज बाजूला उडी मारून माणसाच्या अंगात शिरू शकते, आणि बुंध्यातून जमिनीत उतरल्यावर चहूकडे पसरते. पसरताना जमिनीवरच्या दोन जागांमध्ये विजेच्या दाबाचा फरक निर्माण होतो. एक पाय झाडाच्या जवळ आणि दुसरा लांब असेल, तर त्या फरकामुळे प्रवाह एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरतो. गुराढोरांचे पुढचे आणि मागचे पाय दूर असतात आणि मधल्या वाटेत काळीज असते, म्हणूनच झाडाखाली बांधलेली जनावरे दगावतात आणि जवळचा माणूस कधीकधी वाचतो. यावरूनच शेवटच्या उपायाची रीत निघते. आसरा गाठणे खरोखरच अशक्य असेल, तर माथा आणि पाणी सोडून खालच्या भागात यावे, एकमेकांपासून विखरून पंधरा-वीस पावलांवर थांबावे, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, डोके खाली घालून कान झाकावेत, आणि जमिनीवर आडवे मुळीच होऊ नये. मात्र यामुळे धोका थोडासाच कमी होतो. गाडीपर्यंत धावता येत असेल तर धावावे.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. त्याला हात लावण्यास घाबरू नये, कारण त्या भीतीपायी मोलाची मिनिटे जातात. श्वास बंद असेल तर १०८ ला फोन करून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी दाब द्यावा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, आणि मदत येईपर्यंत आळीपाळीने ते चालू ठेवावे. पुरून ठेवणे किंवा शेण लावणे असले प्रकार कोणी सुचवले तर ठामपणे नकार द्यावा.

चढते पाणी

ओढ्याचे पाणी चढायला तुमच्या डोक्यावर पाऊस पडावाच लागतो असे नाही. वरच्या खोऱ्यात पडला तरी पुरे. नितळ पाणी गढूळ होणे, त्यात पाने आणि काटक्या वाहून येऊ लागणे, आणि वरच्या बाजूने घरघर ऐकू येणे या तिन्ही खुणांचा अर्थ एकच, आणि त्यांपैकी पहिली दिसताच चढावर जावे. तंबू सोडून जावे. वाहते पाणी गुडघ्याच्या वर असेल तर पायी ओलांडू नये आणि फरशी पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालू नये, मग मागचा ट्रकवाला कितीही हॉर्न वाजवो. ओढा चढतो तसा बहुधा काही तासांत उतरतोही, त्यामुळे अलीकडच्या तीरावर उपाशी थांबणे हाच बहुतेक वेळा योग्य मार्ग असतो.

कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी या धरणांच्या खालच्या बाजूला नदीपात्रात उतरण्यापूर्वी विसर्गाची चौकशी करावी. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवून इशारा देतात. तो ऐकू आला की काय झाले हे पाहायला काठावर जमू नये. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात बोटीने जाणार असाल तर जाकीट घातल्याशिवाय बसू नये आणि दुपारनंतरची फेरी वळवाच्या दिवसांत टाळावी. बोटवाला नको म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

ओली थंडी आणि शेगडी

बर्फ नाही म्हणून थंडीचा धोका नाही असे समजू नये. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्याहून फसवी असते ती ऑक्टोबरातली किंवा जूनमधली ओली थंडी, जेव्हा हवेचे तापमान सोळा-सतरा अंश असते, पण माणूस चिंब भिजलेला असतो आणि वारा सुटलेला असतो. जीन्स आणि सुती शर्ट एकदा भिजले की अंगातील ऊब शोषत राहतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे भिजले तरी काही ऊब धरून ठेवतात. आपल्याकडचा धनगर भर पावसातही घोंगडीची खोळ घेऊन हिंडतो ते काही हौस म्हणून नव्हे. कपड्यांचा एक पूर्ण जोड आणि झोपण्याचे सामान जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवावे आणि तो जोड कितीही मोह झाला तरी दिवसा घालू नये.

कोणी सतत कुडकुडत असेल, बोलताना जीभ जड होत असेल, पायात पाय अडकत असतील किंवा तो विचित्र हट्ट करू लागला, तर शरीर आतून गार पडत आहे असे समजावे. कुडकुडणे थांबले पण माणूस सुस्तावला, तर ती सुधारणा नसून धोक्याची पुढची पायरी आहे. त्याला वाऱ्यापासून आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, खाली जाड अंथरूण द्यावे, कारण गारठा जमिनीतून अधिक येतो, आणि शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा पाजावा. दारू देऊ नये. तिने ऊब वाटते, पण अंगातली उष्णता बाहेर पडते.

आणि शेगडी तंबूत नेऊ नये. कोळशाची नाही, गॅसची नाही, विझत आलेल्या निखाऱ्यांची तर नाहीच नाही. पावसात बाहेर चूल पेटत नाही म्हणून शेगडी आत घेतली जाते, दाराची चेन लावली जाते, आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नाही आणि रंगही नाही. डोके दुखणे, मळमळणे आणि पेंग येणे ही त्याची लक्षणे दमलेल्या माणसाला थकव्याचीच वाटतात, आणि तो झोपी जातो. निखारे लाल दिसत नसले तरी वायू येतच असतो. म्हणून वादळाच्या रात्रीसाठी शिजवावे न लागणारे खाणे न्यावे: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, आणि थर्मासमध्ये आधीच भरून ठेवलेला चहा.

पावसात बिळांत पाणी शिरले की साप कोरडी जागा शोधतात, आणि मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते तेव्हा अनेकदा वेदनाही होत नाही. तंबूची चेन आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी पूर्ण लावावी, बूट झटकून घालावेत, आणि दंशाची नुसती शंका आली तरी अवयव न हलवता सरळ रुग्णालय गाठावे. जळवांचा त्रास होतो, पण जीवाला धोका नसतो; मिठाची पुरचुंडी सोबत असली की झाले.

सकाळी

वादळी रात्रीनंतर उजाडताच निघण्याची घाई करू नये. पसरणी, केळघर, आंबेनळी, कुंभार्ली यांपैकी ज्या घाटातून परतायचे आहे त्यात दगड किंवा झाड पडले आहे का, याची चौकशी खालून वर आलेल्या पहिल्या दूधवाल्याकडे किंवा एसटीच्या चालकाकडे करावी. त्यांना जे ठाऊक असते ते नकाशावर दिसत नाही. दाट धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावले तर उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो, म्हणून खालचे दिवे लावून सावकाश चालवावे, आणि थांबायचे झाले तर वळणावर किंवा दरडीच्या कडेला थांबू नये. घरी कळवण्याची वेळ ठरली असेल तर रेंज मिळताच पहिला फोन तो करावा, नाहीतर तिकडे माणसे शोधाला निघायची. तंबू ओला असेल तसाच गुंडाळून आणला तरी चालतो, पण घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी गच्चीत दोरीवर पसरून, शिवणींसकट खडखडीत वाळवून मगच पिशवीत भरावा. ओल राहिली तर पंधरवड्यात बुरशी धरते आणि पुढच्या वेळी तोच तंबू पहिल्या सरीत गळतो.